घरचे हायेत

घंटी पितळेची होती, बैलाच्या गळ्यातली, आणि तिच्या कडेला एक पोचा होता — म्हणजे ही आपल्याच ढवळ्याची... पण ढवळा तर वडील गेले त्या वर्षीच विकला, घंटी माळ्यावर पडलेली असायची, मग ती इथे फाटकाला सुतळीने कोणी बांधली, आणि कशासाठी? मार्तंडने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. उन्हाने फळ्या तापलेल्या असतील असे वाटले होते, पण बोटांना त्या गार लागल्या. की बोटेच गार होती? बोटांचे आज काही खरे नव्हते.

आत ओट्यावर भुऱ्या उठून उभा राहिला. भुंकला नाही. भुंकणे हे गल्लीतल्या कुत्र्यांचे काम, हा नुसता उभा राहायचा आणि जाते फिरावे तशी पोटातून घरघर काढायचा. मार्तंडने आयुष्यात इतकी कुत्री पाहिली होती की कुत्र्यांना त्याने भ्यावे हे हसण्यासारखेच होते. मलेरियाच्या नोकरीत दुसरे काय असते? दारोदार जायचे, "आहे का कोणी घरात? ताप आला होता का कोणाला?" असे विचारायचे, कोणी हो म्हटले की बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, कडू गोळ्या द्यायच्या, भिंतीवर तारीख लिहायची आणि पुढच्या दारातल्या कुत्र्याच्या तोंडी जायचे. जळगाव जामोदच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, एकही कुत्रे नव्हते ज्याने त्याला शिव्या दिल्या नसतील. पण ती लोकांची कुत्री होती. हा माझा आहे. मी आणला याला. सदऱ्याच्या आत, छातीशी धरून, मेहकरच्या माळावरून... वाटेत याने सदरा ओला केला होता आणि मी हसलो होतो.

पुंजाजी धनगराने पिल्लू देतानाच सांगितले होते, नाही असे नाही. "सायेब, हे मेंढरावरच्या कुत्रीचं हाय. याले शिकवा नाई लागत. हे मोजते."

"काय मोजते?"

"दिवस बुडाला का आपले कोण कोण आले, ते मोजते. मोजणीत आला तो आपला. बाकी सारे लांडगे." आणि मग मार्तंडच्या खांद्यावरच्या पिशवीकडे, तिच्यावरच्या मुंबई सरकारच्या जुन्या शिक्क्याकडे पाहून म्हणाला होता, "पयले चार-सा महिने घर सोडू नका बरं. याच्या डोळ्यापुढं राहा."

घर सोडू नका! सरकारी नोकराला! दोन दिवसांत तो परत सातपुड्याखाली होता, आणि पिल्लू इथे, बीबी गावी, बायको शकुंतलाजवळ. तिच्यासाठीच तर आणले होते. लग्नाला दोन वर्षे, मूलबाळ नाही, सासू-सासरे नाहीत, घर गावाच्या कडेला, तो निघाला की ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहायची आणि विचारायची, "कधी येता जी?" — आणि तो "कधी"तला ईकार पार खामगावच्या मोटारीत बसेपर्यंत त्याच्या कानात लांबत राहायचा. महिना-दीड महिना यायला जमायचे नाही. भुऱ्या आल्यापासून ती निवांत झोपत होती. भ्यायची नाही. अंगाने भरली होती, गालावर तजेला आला होता. हेच तर हवे होते ना? मग गेल्या खेपेला, दिवाळीत, तिने विचारले तेव्हा ते इतके का लागले? फार साधे विचारले होते तिने, पोळी वाढता वाढता. "कधी जाता जी?"

दशम्या करून द्यायच्या असतील म्हणून विचारले असेल. दुसरे काय?

त्याच खेपेला ते वाक्य पहिल्यांदा ऐकले. तो फाटक उघडून आत आला, भुऱ्याने वाट अडवली, आणि शकुंतला धावत आली, कुत्र्याच्या मानेवर हात ठेवून म्हणाली, "घरचे हायेत रे, घरचे हायेत." भुऱ्या बाजूला झाला. तेव्हा तो हसला होता. बरेसुद्धा वाटले होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी निवृत्ती गवळी दूध घालायला आला, आणि तिने तोच हात त्याच मानेवर ठेवला आणि त्याच आवाजात, अगदी त्याच चालीत म्हटले, "घरचे हायेत रे, घरचे हायेत." भुऱ्या तसाच बाजूला झाला. मार्तंडच्या हातातला चहा निवून गेला. निवृत्ती गवळी साठीचा, दात पडलेला. त्याच्याबद्दल वेडेवाकडे मनात आणणे म्हणजे पाप. मनात तसे काही आलेच नव्हते. आले होते ते भलतेच — की गवळी रोज येतो, आणि आपण दीड महिन्यांनी. मग मोजणीत कोण? त्या रात्री भुऱ्या दोघांच्या अंथरुणांच्या मध्ये येऊन पडला, तिच्याकडे पाठ आणि त्याच्याकडे तोंड करून. कुत्र्याचा हेवा वाटावा, शी! स्वतःचीच लाज वाटून तो भिंतीकडे वळला होता.

"काऊन रे मार्तंडा, असा परक्यावानी उभा?" समोरच्या ओट्यावर तूर पाखडत बसलेली तानुबाई ओरडली. "वाजव ना ते घंटी!"

"ही कधी बांधली, काकू?"

"तुयाच बायकोनं बांधली. पाहुणे वाजवतेत, मंग थे येते अन् कुत्र्याले धरते. त्या वामनरावाचं धोतर फाडलं ना यानं!" म्हातारी खूप हसली, सूप घेऊन आत जाता जाता म्हणाली, "साऱ्या गावाले वाजवा लागते बाप्पा."

पाहुणे वाजवतेत. म्हणजे मी वाजवली तर... नाही. आपल्या घरी आपण घंटी वाजवायची नाही. काय वाटेल ते होवो. मान ताठ करून त्याने कडीला हात घातला; घरघर एक पट्टी वर चढली. हात मागे आला. पाठीच्या कण्यातून काहीतरी थंड खाली सरकले. सकाळी नांदुऱ्याला मोटारीत बसतानाच त्याला कळले होते, दुसऱ्यांच्या अंगाला हात लावून लावून जे कळते तेच — ताप. त्याने स्वतःच्या बोटाला सुई टोचली नव्हती, गोळीही घेतली नव्हती. घरी जाऊ, ती कपाळावर हात ठेवील, मग पाहू... लहान मुलासारखे हेच मनात धरून तो दिवसभर मोटारी बदलत आला होता.

आतून खलबत्त्याचा आवाज येत होता. ठक, ठक, ठक. नुसते "शकू" म्हटले असते तरी ती आली असती. पण तोंड उघडले आणि काय झाले कोण जाणे, सवय म्हणा, ग्लानी म्हणा, बाहेर पडला तो दारोदारचा आवाज, उंच, कोरडा, सरकारी:

"आहे का कोणी घरात? ताप आला होता का कोणाला?"

भुऱ्याची घरघर थांबली. तो चक्क खाली बसला. परक्याने परक्यासारखे वागले की त्याची काही तक्रार नसावी.

खलबत्ता न थांबता आतून आवाज आला, "नाही जी. घरात कोणालेच नाही."

तिने ओळखले नाही... की ओळखूनच, थट्टेने? शेवटच्या शब्दात हसू होते का? नव्हते बहुतेक. आणि खोटे तरी काय बोलली? ताप आहे तो फाटकाच्या बाहेर. घरात कोणालाच नाही. त्याचा हात आपोआप कानावरच्या पेन्सिलीकडे गेला — तारीख लिहावी आणि पुढच्या दाराला जावे, इतके ते उत्तर पुरे होते. दुसऱ्या हाताने त्याने फाटक धरले, कारण उभे राहवत नव्हते. आणि तेवढ्यात हुडहुडी आली. दात वाजू लागले, दंड, मनगट, फाटकाच्या फळ्या, सगळेच थडथडू लागले, आणि ती घंटी, जी वाजवायची नाही म्हणून त्याने ठरवले होते, ती आपली आपणच वाजत सुटली. हात सुटेना आणि घंटी थांबेना.

आत खलबत्ता थांबला. भुऱ्याने कान टवकारले. पाटल्यांचा आवाज झाला, हात पुसत ती उठली असणार. आता ती येईल, त्या मानेवर हात ठेवील आणि तेच म्हणेल, गवळ्याला म्हणते तेच, त्याच चालीत. म्हणेल ना? म्हणू दे. दिवाळीपासून जे वाक्य काट्यासारखे सलत होते त्याचीच तो आता डोळे मिटून, दात वाजवत वाट पाहत होता, आणि त्याला फक्त एवढीच धास्ती होती की आज ती ते विसरेल.