पहिल्या ओळीतली किल्ली

स्मरांदाने लॅपटॉप पावेलकाकांच्या टेबलावर आदळला. ईस्टरच्या लाल अंड्यांची बशी वाचली ती नशिबाने.

"यातला एक तरी निरोप फोडून दाखवा. नाही फुटला, तर फितूर माझ्या शेजारी शिवणारी लेनुत्साच. उद्या सगळ्यांसमोर जाब विचारते तिला."

शिवणकारखान्यातल्या बायका संपाचे निरोप ज्यातून पाठवत, तो प्रोग्राम स्मरांदाने कॉलरी शिवून उरलेल्या वेळात लिहिला होता. निरोपाच्या प्रत्येक अक्षरात गुप्त शब्दाचं एकेक अक्षर मिसळायचं. शब्द संपला की पुन्हा पहिल्यापासून. निरोप कारखान्याच्या वायफायवरून जात, पण तिला त्याची फिकीर नव्हती. तरीही संपाची बातमी मालकाला लागली आणि सकाळी संपाची म्होरकी समजून वेता नावाच्या कामगारणीला फाटकातूनच हाकललं.

पावेलकाकांचा जन्म सैन्याच्या बिनतारी खात्यात गेला होता. त्यांनी चष्मा पुसला.

"गुप्त शब्द सांगू नकोस. हे निरोप ईस्टरनंतरचे ना? मग सुरुवात काय असणार, ते आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल."

त्यांनी गिचमिड अक्षरांखाली ईस्टरनंतर सगळे एकमेकांना करतात ते अभिवादन, 'ख्रिस्त उठला', लिहिलं आणि एकातून दुसरं वजा करत गेले. कागदावर गुप्त शब्द उमटला: स्मरांदाच्या वारलेल्या आईचं नाव. त्याच्यापुढे पुन्हा तेच नाव सुरू झालं.

"मी तर देवसुद्धा मानत नाही," ती पुटपुटली.

"पण लिहिलंस ना?"

"नाही लिहिलं तर बायका तोंड फुगवतात, काका."

"पोरी, नवऱ्यापासून लपवायला हे झकास आहे. निरोप फोडायला पगारी माणूस ठेवणाऱ्या मालकापासून नाही. तिथे जगभरच्या लोकांनी फोडायला घेऊन हात टेकलेत, अशीच पद्धत लावायची."

स्मरांदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारी लेनुत्साने पुढे केलेला डबा तिने सगळ्यांदेखत परत ढकलला होता.

"बस, आत्ताच लावून देतो," काका म्हणाले.

"बायकांसाठी लावा. मला आता लपायचं नाही."

तिने फोन काढला आणि मालकाला सरळ, साध्या अक्षरांत लिहिलं: 'संप मी उभा केला, वेताने नाही. सोमवारी मशिनी बंद राहतील. स्मरांदा ओलारू, कॉलर विभाग.'

"अगं, विचार कर जरा!"

"केला."

तिने बटण दाबलं. मग दुसरा नंबर लावला आणि पलीकडून आवाज येईपर्यंत ओठ चावत उभी राहिली.

"लेनुत्सा, तुझ्याकडे येतेय. शिव्या तयार ठेव, आणि दार उघड."