चारशे एकाहत्तर

गयासचं लग्न झालं, सगीरा माझी सून म्हणून पडेगावच्या घरात आली, त्याच वर्षी गयासच्या अब्बांच्या घशात गाठ निघाली. दवाखान्यात रेडिएशनची लाईट दिल्यावर घसा आतून सोलून निघाला. नाकातून नळी घालू देईनात. पाणीसुद्धा टोचायचं. उतरायचं ते फक्त कपातलं आइस्क्रीम.

एके दिवशी त्यांचा धाकटा भाऊ फारूख भेटायला आला. कप फिरवून बघत म्हणाला, "भाईजान, यावर चारशे एकाहत्तर नंबर हाय. मोबाईलवर आलंय, ही डुकराची चरबी."

यांनी चमचा खाली ठेवला.

गयास म्हणाला, "अब्बा, ते इमल्सिफायर. साय आणि पाणी वेगळं होऊ नये म्हणून घालतात. चरबीपासून होतं तसं पामतेलापासूनही होतं. हा हिरवा ठिपका बघा, म्हणजे यात जनावराचं काही नाय."

हे म्हणाले, "ठिपका कंपनीच छापती ना? माझी लुंगी पण हिरवी हाय, म्हणून मी काय पीर झालो?"

मग मी घरी दूध आटवून गोठवलं. त्यात बर्फाची कणी धरली. पहिल्याच चमच्याला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "गयासची अम्मी, काचा घातल्यास का गं?" म्हणत हसायला गेले, तर ठसका लागून रक्त आलं.

गयासनं मौलानांना आणलं. ते म्हणाले, "हिरवा ठिपका आहे, बेफिकीर खा. आणि जीव वाचवायला तर शरीयतनं सवलतच दिली आहे."

ते गेल्यावर हे म्हणाले, "ऐकलंस? सवलत द्यावी लागली, म्हणजे हायच काहीतरी."

"अहो, पण आधी काय म्हणाले ते?"

"ते आपलं तुझ्या समाधानासाठी."

ओट्यापाशी सगीरा हळूच म्हणाली, "अम्मी, कपातलं वाटीत काढून द्या. घरचं हाय म्हणा."

मी वाटी भरून नेली. ते उठून बसले आणि वाटीकडे न बघताच तोंड उघडलं. लग्नापासून माझ्या हातचं त्यांनी कधी विचारून खाल्लं नव्हतं.

माझा हात पुढं गेला नाही. "कपातलंच हाय," मी म्हणाले.

त्यांनी तोंड मिटलं. माझ्या मनगटावर हात ठेवला. "बरं झालं सांगितलंस. तू खाऊन टाक, वितळंल."

मी त्यांच्यासमोर बसून खाल्लं. लई मऊ होतं.

त्यानंतर ओठांवर ओलं फडकं फिरवण्यापलीकडं त्यांनी काही करू दिलं नाही. माझे शौहर जहांगीर शेख शुक्रवारी, २६ एप्रिल २०१९ रोजी, जुम्म्याच्या नमाजआधी वारले.