एक बोट कमी

नानाजींना सही करायची नव्हती, आणि तोंडावर नाही म्हणायची हिंमतही त्यांच्यात नव्हती. म्हणून आठवडाभर सबबींवर दिवस निघत होते. सोमवारी कॉलेजचं लेटरहेड संपलं होतं. मंगळवारी शिक्का कार्यालयाच्या कपाटात अडकला. बुधवारी चष्मा घरी राहिला, आणि गुरुवारी तो नाकावर असूनही सापडला नाही. शुक्रवारी पोळा आणि शनिवारी तान्हा पोळा आला, तेव्हा देवच आपल्या बाजूनं आहे असं त्यांना वाटलं. पण शनिवारनंतर रविवार येतो आणि रविवारनंतर सोमवार, आणि हा सोमवार शेवटचा होता.

कागद होता दुर्गेशचा. दुर्गेश धुर्वे, बी.ए. तिसरं वर्ष, वर्ध्यातल्या त्या लहानशा कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा कणा. नागपूरच्या एका मोठ्या कॉलेजनं त्याला बोलावलं होतं. होस्टेलची खोली, दोन वेळचं जेवण, लाकडी फरशीचं कोर्ट आणि अकरा नंबरचे बूट. वर्ध्याच्या बाजारात अकरा नंबर मिळत नाही. पोरगं दोन वर्षं अंगठा दुमडून खेळलं होतं. आधीच्या कॉलेजचं ना हरकत पत्र सोमवारी पाचच्या आत तिकडे पोचलं, तर तो यंदापासून खेळणार. नाही पोचलं, तर नियमाप्रमाणे वर्षभर नुसता बसणार. आणि नुसत्या बसणाऱ्याला कोण खोली देतं?

नानाजी त्या कॉलेजचे क्रीडाशिक्षक. येत्या मे महिन्यात निवृत्त होणार, म्हणजे ऑक्टोबरातली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा त्यांची शेवटची. इतक्या वर्षांत त्यांची टीम एकदाही उपांत्य फेरीपर्यंत गेली नव्हती. यंदा जाईल असं पहिल्यांदाच वाटत होतं, आणि नेमका यंदाच हा कागद आला.

मोठ्या शहरात टीम निवडतात. आपल्याकडे ती जमवावी लागते, उन्हाळ्यात मोहफुलं वेचावी तशी, वाकून वाकून. नानाजींनी वर्षानुवर्षं तेच केलं. कबड्डीतून उरलेला एक, व्हॉलीबॉलवाल्यांशी भांडून आलेला दुसरा, आणि उंची आहे म्हणून इतिहासाच्या तासातून उचलून आणलेला तिसरा. सुट्टीच्या दिवशी ते स्कूटर घेऊन आठवडी बाजार पालथे घालत. लोकांना वाटायचं, सर भाजीला निघाले. सर पोरांचे हात बघायला निघालेले असत.

त्यांची एक पद्धत होती. चांगल्या अंगकाठीचं पोरगं दिसलं की पिशवीतून एक संत्रं काढायचं, "झेल!" म्हणायचं आणि फेकायचं. झेलणारे पुष्कळ निघत. बहुतेक जण झेलून संत्रं सोलायला बसत. आष्टीच्या बाजारात मात्र पोत्यांच्या आडून एका लांबोड्या पोरानं संत्रं एका हातानं झेललं आणि दहा पावलांवरून, मधल्या दोन बायांच्या डोक्यावरून, सरळ नानाजींच्या पिशवीत परत टाकलं. पिशवीचं तोंडही धड उघडं नव्हतं. नानाजी त्या दिवशी भाजी न घेताच घरी आले आणि बायकोची, यशोदाबाईंची, बोलणी हसत हसत खाल्ली.

तो दुर्गेश. दोन वर्षं नानाजींनी त्याला जुन्या रिंगवर घासलं.

त्या जुन्या रिंगची गोष्ट सांगायलाच हवी. कॉलेजात बास्केटबॉल सुरू केला भोयर सरांनी, नानाजी स्वतः विद्यार्थी होते त्याच्याही आधी. सागाच्या फळ्यांचा बोर्ड सुतारानं करून दिला, आणि रिंग घडवली सेलूच्या लोहारानं. सरांनी माप दिलं होतं अठरा इंच, अगदी कागदावर काढून. पण त्या माणसाचा सगळा जन्म बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव चढवण्यात गेलेला. धाव चाकापेक्षा एक बोट कमीच ठेवावी लागते. तापवली की फुगून चाकावर बसते आणि निवली की आवळते. सवयीच्या हातानं रिंगही एक बोट कमीच घडली. कोणी मोजली नाही. पोरं त्या आवळ रिंगवर वर्षानुवर्षं बॉल टाकत राहिली, आणि बाहेरच्या मैदानावर गेली की त्यांना रिंग परातीएवढी दिसायची.

कॉलेजला काचेचा बोर्ड मिळाला तेव्हा नानाजींनी जुनी रिंग भंगारात जाऊ दिली नाही. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला खांब रोवून ती तिथे बसवली. नागपूरच्या लोकांना दुर्गेशच्या हाताचं नवल वाटलं, ते नवल त्या लोहाराच्या चुकीचं होतं.

ही चूक नानाजींना पहिल्यांदा कळली ती नागपुरातच, तिथली रिंग पाहून, शहाऐंशी साली. तेव्हा ते नान्या होते, वीस वर्षांचे. त्याआधी वर्ध्यात संध्याकाळी चार वाजता पाच जण मिळून तापलेल्या सिमेंटवर बादल्या ओतायचे, वाफ निघायची, आणि त्या ओल्या वासातच अनवाणी खेळ सुरू व्हायचा. कॅप्टन होता बबन, किराणा दुकानदाराचा पोरगा. घरून गुळाचे खडे खिशात भरून आणायचा आणि बास्केट टाकणाऱ्यालाच द्यायचा. नान्यानं त्या वर्षी इतका गूळ खाल्ला की दात किडला.

मग नागपूरच्या कॉलेजचं बोलावणं आलं. नान्या गेला. भोयर सरांची सही घेतली आणि सकाळच्या पॅसेंजरनं निघाला. बबनला सांगितलं नाही. सांगायचं कसं? पाचांतला एक गेला की चारच उरतात, हे त्याला मोजता येत होतं.

ऑक्टोबरात स्पर्धा लागली, आणि वर्ध्याची टीम आली. फिक्या निळ्या बनियनवर घरी रंगवलेले आकडे, आणि पोरं चार. सामना सुरू करायला पाच लागतात. पंचांनी दहा मिनिटं वाट पाहिली, शिट्टी वाजवली, आणि समोरच्यांना पुढे चाल दिली. नान्या कोर्टाच्या पलीकडे बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. आयुष्यातले पहिले बूट ते. बांधलेल्या नाड्या सोडायच्या आणि पुन्हा बांधायच्या, पण मान वर करायची नाही. पुढे त्याचा स्वतःचा सामना झाला. चार निळे बनियन कोपऱ्यात उभे होते, हे त्याला डोळ्यांच्या कडेनं दिसत होतं. त्यानं तिकडे पाहिलं नाही.

नोकरीनं नानाजींना पुन्हा वर्ध्याला आणलं. बबनचे आता बबनराव झाले होते, दुकान मोठं झालं होतं. दोघांची गाठ पडली, चहा झाला, एकमेकांच्या घरची लग्नं झाली. नानाजींचा किराणा तिथूनच यायचा. पण त्या चार जणांबद्दल दोघांपैकी कोणी कधी चकार शब्द काढला नाही. ते चौघं आपली वाट पाहत कोर्टावर उभे राहिले असणार, हा विचार नानाजींच्या मनातून कधी गेला नाही. म्हणून तर ते क्रीडाशिक्षक झाल्यापासून एकदाही पाचाच्या खाली उतरले नव्हते.

आणि दुर्गेश गेला की यंदा खेळता येणारे चारच उरत होते.

सोमवारी सकाळी दुर्गेश थैली घेऊनच मैदानावर आला. जुन्या रिंगवर बॉल टाकत राहिला. नानाजींनी दुरून पाहिलं आणि स्कूटर काढून सरळ बबनरावांचं दुकान गाठलं. तिथं काही घ्यायचं नव्हतं, पण कॉलेजात बसवत नव्हतं.

"काय बे नान्या, तोंड काऊन पाडून राह्यला?" बबनरावांनी विचारलं. ते गुळाची भेली फोडत होते.

"पोरगं चाललं मायं. नागपूरले."

"मंग जाऊ दे. हुशार हाय तं जाईनच."

"सही मांगून राह्यला. सही केली का चार उरतात."

चार हा आकडा त्या दुकानात आजवर गव्हाच्या पोत्यांसाठीच बोलला गेला होता. बबनरावांनी भेलीवर आणखी एक घाव घातला. मग नानाजींनीच तोंड उघडलं. आता नाही तर कधीच नाही, असं त्यांना वाटलं.

"बबन, त्या दिवशी नागपूरले तुमी चौघं मायी वाट पाहून राह्यलते न?"

बबनरावांनी हातोडी खाली ठेवली. "तुयी वाट? तुयी वाट काऊन पाहू? तू गेला हे मले माहीत नोतं काय?"

"तुले कोनं सांगतलं?"

"भोयर सरनं. सही कराच्या आंधी मले बोलावलं. म्हने, बबन, तू कॅप्टन. नानाले जाऊ देऊ का? तू हो म्हनशीन तं सही करतो. म्या म्हटलं, करा सर. इथं राहून काय करन तो, गूळ खाईन."

नानाजींना खाली बसावं लागलं. बसायला डाळीचं पोतं होतं, त्यावर बसले.

"मंग चौघं काऊन आलते? चौघांत काय मॅच होते?"

"तुयी मॅच पाहाले!" बबनराव आता खरंच चिडले होते. "जायाले पैसे कोनाजवळ होते? टीमचं नाव टाकलं तरच कॉलेज प्रवासखर्च देत होतं. टाकलं नाव. दहा मिनिटांत हरून मोकये झालो, अन् दिवसभर तुयी मॅच पाह्यली. तेवीस पॉइंट केलते तू. टाया वाजवू वाजवू हात लाल झाले. गूळ आनलता खिशात. अन् तू? एकडाव मान वर करून पाह्यलं नाई. तू गेला त्याचा मले राग नाई, नान्या. तू पाह्यलं नाई, त्याचा हाय. अजून हाय."

नानाजींना हुंदका आला, आणि वयाच्या साठाव्या वर्षी किराणा दुकानात, गिऱ्हाइकांदेखत, तो त्यांनी येऊ दिला. इतकी वर्षं आपण चुकीच्याच गोष्टीची लाज बाळगत होतो. निघून जाण्याची कुणाला खंत नव्हती. मान खाली घातली, तिथेच सगळं बिघडलं.

लेटरहेडवर टाइप केलेला कागद त्यांच्या शर्टाच्या खिशातच होता. शिक्काही पिशवीत होता, रुमालात गुंडाळलेला. आठवडाभर तो तिथंच होता. त्यांनी बबनरावांचा पेन मागितला आणि कागद गल्ल्यावर ठेवून सही केली, शिक्का मारला. कागदाच्या कोपऱ्याला थोडा गूळ लागला.

मैदानावर पोचले तेव्हा बारा वाजत आले होते. दुर्गेशनं कागद पाहिला आणि त्याचं अवसानच गळालं.

"सर, तुमी म्हनान तं मी नाई जात."

"हे आता सांगतं? साडेबाराची बस हाय. चाल, बस स्कूटरवर."

त्यानं हातातला बॉल जुन्या रिंगमधून शेवटचा टाकला. कडेला न लागता गेला. बसस्टँडवर नानाजींना त्याला एक गोष्ट सांगायची होती, पण कंडक्टरनं घंटी मारली आणि ती राहून गेली.

ऑक्टोबरात नानाजींची टीम नागपूरला गेली. पाचवा खेळाडू म्हणून त्यांनी कबड्डीतला मुकेश आणला होता. त्यानं पहिल्याच मिनिटाला समोरच्याला कमरेपासून धरलं आणि मध्यंतर व्हायच्या आत पाच फाउल करून बाहेर बसला. उरलेले चार जण शेवटपर्यंत खेळले, एकदा सुरू झालेला सामना चौघांना खेळता येतो. एकेचाळीस पॉइंटनी हरले. पण सामना सुरू झाला होता, खेळला गेला होता, आणि नानाजींची शेवटची टीम पाच जणांची होती.

दुकान बंद ठेवून बबनरावही आले होते. हरल्यावर कोणी परत निघालं नाही. सगळे निळे बनियन कोर्टाच्या कोपऱ्यात जाऊन बसले, कारण पुढचा सामना दुर्गेशच्या कॉलेजचा होता.

दुर्गेश आत आला. पायात अकरा नंबरचे नवे पांढरे बूट. त्याची नजर कोपऱ्याकडे गेली, निळा रंग दिसला, आणि तो पटकन खाली बसून बुटाच्या नाड्या बांधू लागला. बांधून झाल्या. त्यानं सोडल्या आणि पुन्हा बांधायला घेतल्या.

नानाजी उभे राहिले. साठ वर्षांचा माणूस, गळ्यात शिट्टी, विद्यापीठाचे पाहुणे समोर बसलेले. त्यांनी कशाचाच विचार केला नाही.

"दुर्गेश! अबे, इकडं पाह्य ना! तुयी मॅच पाहाले थांबलो आमी!"

सगळा हॉल वळून पाहू लागला. पंच पाहू लागले. चार निळ्या बनियनांनी आणि एका कबड्डीवाल्यानं टाळ्यांचा एकच गदारोळ केला, आणि दुर्गेशनं मान वर केली. आधी कावराबावरा झाला, मग लाजला, मग तोंडभर हसला आणि हात उंच करून हलवला. नानाजी तो हात खाली येईपर्यंत उभेच होते.

बबनरावांनी खिशातून गुळाचा खडा काढून त्यांच्या हातावर ठेवला.

"एवढ्या जोरानं तं आमीबी वरडलो नोतो बे त्या दिवशी," ते म्हणाले.

"वरडाले पाह्यजे होतं," नानाजी म्हणाले.