कौतिकआबांची जागा

आमच्या चर्चचे नवे पाळक मंडळीला शाळेतल्या पोरांसारखं वागवतात. भजन चालू असताना मध्येच टाळ्या वाजवून थांबवतात. म्हणतात, "पुन्हा मागे पडलात!" बाकी माणूस चांगला आहे. आजाऱ्याच्या घरी न बोलावता जातो, कोणाकडेही पिठलं-भाकर दिली तरी नाक मुरडत नाही. पण धुळ्याहून सावद्याला येताना बरोबर एक कीबोर्ड घेऊन आला, तिथून सगळं बिघडलं. त्या कीबोर्डाच्या पोटात ढोल आहे, झांज आहे, बटण दाबलं की आपला आपण वाजतो. त्याला गाणाऱ्यांची गरजच नाही. आमच्या वनाभाऊंची पेटी चादरीखाली गेली आणि वनाभाऊ मागच्या बाकावर.

शमुवेल पाळकांचं दुखणं एवढंच, की प्रत्येक कडवं संपलं की आमची मंडळी एक श्वासभर थांबते. कोणी खोकत नाही, कोणी पान उलटत नाही. मग पुढचं कडवं. कीबोर्ड कशाला थांबतोय? मंडळी दुसऱ्या कडव्यात असते तेव्हा तो चौथ्यात जाऊन पाय हलवत बसलेला असतो. "ही वाईट खोड आहे, मोडून काढू," असं म्हणून पाळकांनी बुधवारचा सराव लावला. मी गेले नाही. मला गुडघे आहेत.

आता ती खोड कोणाची, ते सांगते. आमच्या मालकांची. त्यांचं नाव मी घेत नाही, मंडळी कौतिकआबा म्हणायची. केळीच्या गाड्या भरणाऱ्या टोळीचे ते मुकादम. एका टोकाच्या ट्रकवरून दुसऱ्या टोकाच्या ट्रकवाल्याला शिवी घालायचे आणि ती तिथे नीट पोचायची. असा आवाज घेऊन ते रविवारी मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, यायचे. सूर माहीत नाही, ताल माहीत नाही, पण भक्ती अशी की कडव्याचा शेवटचा शब्द सोडायलाच तयार नाहीत. सगळ्यांचं गाऊन झालं तरी यांचं चालूच. वनाभाऊ बिचारे पेटीचा भाता हलवत तो एक सूर धरून ठेवायचे, मंडळी तोंड मिटून उभी. मी कोपर मारायची. हे शिंदखेड्याकडचे, रागावले की गावची बोली काढायचे. "देव काय घाईमां शे का?" म्हणायचे, तेही मंदिराबाहेर ऐकू जाईल असं.

मागल्या वर्षी ते प्रभूजवळ गेले. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी कडवं संपलं, वनाभाऊंनी सवयीने सूर धरला, मंडळी सवयीने थांबली. आणि त्या थांबण्यात कोणीच गायलं नाही. मी समोरच्या भिंतीवरची पाल बघत राहिले. पुढच्या कडव्यालाही तेच. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी नंतर बोललंही नाही. पण वर्षभर दर रविवारी मंडळी माझ्या माणसासाठी तेवढी जागा सोडत आली. माझं मंदिरात जाणं खरं तर त्या जागेसाठीच. उपदेश मी नंतर ऐकायची.

तीच जागा हे पाळक बुजवायला निघाले.

माझा मुलगा नवल म्हणाला, "आई, सरळ सांगून टाक त्यांना."

"मी सांगू? मी काय मागायला जाऊ? बठ्ठ्या मंडळीला, एकूण एक माणसाला ठाऊक आहे, पाळकांना विचारायला तोंड नाही का?"

"त्यांना विचारायचं काय हे तरी कसं कळणार?"

"पाळक आहेत. प्रार्थना करून बघू देत."

तेवढ्यात यांचा वर्षाचा स्मरणदिन आला. अंगणात मांडव घातला, भरीत-पुरीचा बेत केला. शेजारची आबेदा सकाळपासून माझ्याबरोबर वांगी भाजत होती. आमच्याकडे रीत अशी, की आधी वचन, मग भजन, मग प्रार्थना, आणि तोवर कोणी घासाला हात लावायचा नाही. म्हणून आमच्या मंडळीत लांब उपदेश करणारा पाळक टिकत नाही.

शमुवेल पाळक उभे राहिले. आमच्या मालकांना त्यांनी कधी पाहिलेलं नाही. माझ्या सुनेला, मोनालीला, विचारून आले होते आणि सुनेने सासऱ्याची अब्रू राखली होती.

"कौतिकआबा," पाळक म्हणाले, "हे अतिशय मितभाषी गृहस्थ होते."

बायकांनी पदर तोंडात कोंबले.

"त्यांनी कधी कोणाला उणा शब्द ऐकवला नाही."

टोळीतले दोघे-तिघे हमाल मागे बसले होते. ते उठून मांडवाबाहेर जाऊन हसून आले.

"आणि प्रभूने त्यांना गोड गळा दिला होता."

आबेदाला राहवलं नाही. "या अल्ला!" ती मला म्हणाली, पण सगळ्यांनी ऐकलं. "आमची बकरी दूध चोरायची गं त्या गळ्याने!"

मी तिला चिमटा काढला. मोनाली जमिनीकडे बघत होती. पाळकांना वाटलं लोक रडताहेत. त्यांनी आवाज आणखी हळवा केला आणि कीबोर्डाचं बटण दाबलं.

पहिलं कडवं संपलं. मंडळी थांबली. झाडून सगळी. त्या दिवशी तर आबेदाही थांबली, आणि तिला तर भजन येतही नव्हतं. यंत्र मात्र ढोल बडवत पुढे पळालं.

पाळकांनी टाळी वाजवली. यंत्र बंद केलं. "अहो, आजच्या दिवशी तरी!" ते म्हणाले. "इतके बुधवार घालवले मी. कोणासाठी थांबता तुम्ही सगळे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ओठ घट्ट मिटले. गेलेल्या माणसासाठी भीक मागणारी बाई मी नाही.

शेवटी मागून वनाभाऊ बोलले. "ज्यांचा स्मरणदिन आहे, त्यांच्यासाठी, साहेब. आबा तिथे एकटेच गायचे. गोड नव्हतं ते. पण तिथे गायचे."

पाळकांचे कान लाल झाले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फोटोकडे. फोटोतसुद्धा यांचं तोंड उघडंच आहे. मग त्यांनी कीबोर्डाची वायर स्वतःच्या हाताने काढली. "वनाभाऊ, पेटी आणता का?"

नवल धावत जाऊन पेटी घेऊन आला. वनाभाऊंनी भाता हलवला, तशी आतून इतक्या दिवसांची धूळ शिंकली. भजन पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. कडवं संपत आलं. वनाभाऊंनी सूर धरला. मंडळी थांबली. मी डोळे मिटले.

आणि त्या शांततेत शमुवेल पाळकांनी गळा काढला! पश्चात्तापाने भरून आले असावेत. शेवटचा शब्द धरून ताणला, ताणला, बकरीने तिकडून उत्तर दिलं तरी सोडला नाही. वनाभाऊंचा हात भात्यावर थिजला.

मी उठले. गुडघे म्हणाले नको, तरी उठले आणि थेट पाळकांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"अक्का," ते घाबरून म्हणाले, "मला वाटलं, ती जागा कोणीतरी भरावी..."

"पाळक साहेब," मी म्हणाले, "बठ्ठं भजन तुमचं. पळवा, उडवा, परत तो ढोल लावा, मी काही बोलणार नाही. पण तेवढी जागा कौतिकची आहे. ती रिकामीच राहील. तिथे तुम्ही फक्त थांबायचं आणि तोंड मिटायचं. आणि एक खरं सांगते, राग मानू नका. इतकी वर्षं मला वाटायचं, यांच्याहून वाईट या मंडळीत कोणी गात नसेल. आज यांची लाज राखलीत. आता दुसरं कडवं घ्या, पुऱ्या गार होताहेत."