पारव्यात उतरलेला ताप

त्या दुपारी पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध घोंगडीवर तानुबाईची पुष्पी तापाने निपचित पडलेली, उशाशी मगन भगत आणि त्याच्या हातात विहिरीतून धरून आणलेला रानपारवा. भगताने डोळे पांढरे केले, घशातल्या घशात गडगड केली आणि पारवा पोरीच्या कपाळाला लावून दोन्ही तळवे त्याच्याभोवती मिटले. थोड्या वेळाने पाखराने मान टाकली. पोरीच्या कपाळावर घाम डवरला.

"देखा! बठ्ठा ताप पाखरूमा उतरी गया!"

गाव गहिवरलं. भगत तानुबाईकडे वळला. "अक्का, आते कोयनेलनी गोळी बंद. गोळी पोटमा गयी त ताप परत येई."

पाचोऱ्याच्या दवाखान्यातून आणलेल्या हिवतापाच्या त्या गोळ्या तानुबाईने डबीत घालून फडताळात ठेवल्या. पुष्पी एक दिवस अंगणात सागरगोटे खेळली. मग पुन्हा हीव भरलं, आणि तापाच्या त्या पाळीतून ती उठली नाही.

"कोनी तरी चोरीन गोळी दिन्ही व्हई," भगत म्हणाला. तानुबाईने मेलेल्या पोरीची शपथ घेतली. गावाला भगताचंच खरं वाटलं.

मी गावचा नावाजलेला थापाड्या. गिरणेकाठचा डास बैलाची झूल पांघरून निजतो, ही बातमी माझीच. पण माझी थाप ऐकून माणसं हसत घरी जात. भगताची थाप माणसं घरी घेऊन जात. मी म्हणालो, या पाखरात काहीतरी काळंबेरं आहे. लोक म्हणाले, "अभिमनभाऊ, आज नवी थाप का?"

त्याच हिवाळ्यात, सत्तावन्न साली, पुण्याहून गद्रे डॉक्टर आला. माणसांचा नव्हे, किड्यांचा. रानपाखरांना कोणता डास चावतो, हे त्याला शोधायचं होतं. संध्याकाळी तो पारवा जाळीच्या पेटीत ठेवून वर मच्छरदाणी सोडी, डास आत शिरायला खाली फट ठेवून. सकाळी फुगलेल्या पोटाचे डास काचेच्या नळीने टिपी आणि ते कोणाचं रक्त प्यालेत, ते तपाशी. पोरं त्याला डासपाळ म्हणत. मी त्याला झुलीची गोष्ट सांगितली. त्याने गंभीरपणे विचारलं, "झूल कोणत्या रंगाची?" तेव्हापासून आमचं जमलं.

आता विहिरीतल्या पारव्यांना गिऱ्हाइकं दोन झाली. डॉक्टरची पाखरं रात्रभर डासांकडून चावून घेत आणि सकाळी ज्वारी टिपत. भगताच्या हातात गेलेलं एकही परत उडालं नाही. विहीर तीच, पाखरं तीच!

अशात तानुबाईचा धाकटा भटू तापला. पुन्हा पार, पुन्हा गर्दी. मी डॉक्टरला हाताला धरून ओढत नेलं.

भगताने पाखरू उचललं तोच डॉक्टर म्हणाला, "थांबा. आज यांना धरू द्या."

त्याने पारवा तानुबाईच्या हातात दिला. मान दोन बोटांत, पंख मिटलेले, छातीला मोकळीक. "अक्का, बोट इथे ठेवा. काय लागतं?"

"हालस."

"तो त्याचा श्वास. पाखराची छाती हलली तरच त्याला वारा मिळतो. इथे अंगठा दाबून धरला, तर ते ओरडतसुद्धा नाही. आता ठेवा पोराच्या कपाळावर."

भटूचं कपाळ तव्यासारखं तापलेलं. पारवा डोळे मिचकावत बसला. माझी चिलीम भरून झाली, ओढून झाली. पारवा बसलेलाच.

"याना तापज हलका शे," भगत पुटपुटला.

"मग तू धर, भगत," मी म्हणालो. "फक्त अंगठ्याखाली डॉक्टरचं बोट राहील."

भगत उठला. म्हणाला, देवाला आज विटाळ झाला. गर्दीतून वाट काढताना तो अंगठा मुठीत लपवून चालला होता.

डॉक्टर लोकांना सांगू लागला, "हिवताप पाळीने येतो. पाळी संपली की घाम फुटून अंग आपोआप निवतं. भगत घामाची वेळ साधायचा. आणि माणसाचा हिवताप पारव्यात रुजत नाही, पाखरांचा त्यांचा वेगळा. माणसाचं रक्त पिऊन डास पाखराला चावला, तरी तो ताप पाखराला लागत नाही. डासाला जे जमत नाही, ते भगताला जमेल?"

कोणी तरी हसलं. तानुबाई हसली नाही. पारवा तिच्या हातातच होता.

"मंग मनी पुष्पीना ताप कोठे गया व्हता, दादा?"

डॉक्टरने खाली पाहिलं. "कुठेच गेला नव्हता, अक्का. तिच्यातच होता."

तिने हात उघडले. पाखरू विहिरीकडे उडालं. ती घरी गेली आणि फडताळातली डबी घेऊन आली. डॉक्टरने गोळ्या पाहिल्या, भटूच्या वयाला किती ते सांगितलं.

बाबांनो, भगत गेला तरी त्याचा धंदा जात नाही. उद्या कोणी लिंबू आणील, कोणी अंडं, कोणी नारळ. पाया पडण्याआधी एवढंच म्हणा, मूठ उघडून करून दाखव. आणि तो काहीही बोलो, चालू असलेलं औषध थांबवू नका. मी जन्मभर थापा मारल्या, ही त्यातली नव्हे.

भटूने बहिणीच्या वाटची गोळी तोंडात घेतली आणि तोंड वाकडं केलं.

"कडू शे, व माय."

"कडूज शे," तानुबाई म्हणाली. "खाई ले."