टायरवर झटकलेला फिल्टर

सेकंडहँड ट्रकचे लाड करावे लागतात, हे बारक्याला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि करणं वेगळं. ऑइल फिल्टर या फेरीनंतर बघू, डिझेल फिल्टर पुढच्या फेरीनंतर बघू, असं करत त्याने वर्ष ढकललं. शेवटी गाडी चढावर धापा टाकायला लागली, मागून येणारे शिव्या घालत पुढे जायला लागले, तेव्हा कुठे साहेबांना जाग आली. बारक्या हे त्याचं लहानपणचं नाव. आता तो केबिनच्या दारातून आडवा होऊन आत शिरायचा, पण चिकटलेलं नाव काही सुटलं नव्हतं.

रविवारी सकाळी त्याने गाडी अंगणात घेतली आणि सगळे फिल्टर एकदम बदलायला काढले. बायको पान्हे हातात द्यायला उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण या कामात तिचा जीव अडकला होता. ही गाडी तिच्या भावाने पसंत केली होती. गाव पालथं घालून त्यानेच शोधली, इंजिनाला कान लावून ऐकलं, आणि म्हणाला, "भावजी, डोळे मिटून घ्या." काही महिन्यांतच गाडीचा दम कमी व्हायला लागला. मग बारक्याच्या वडिलांनी मेहुण्याला दारातच उभं केलं आणि सुनावलं, "मढं बांधलंस आमच्या गळ्यात. पुन्हा हा उंबरा चढू नकोस." त्या दिवसापासून भाऊ आला नव्हता. बारक्या तेव्हा मूग गिळून बसला होता, आणि बायकोही.

आता नव्या फिल्टरांनी गाडीत दम आला, तर दोष इंजिनात नव्हता हे सिद्ध होणार होतं. भावासाठी दार पुन्हा उघडणार होतं. बाईला तेवढंच हवं होतं.

बारक्याचे वडील पुढच्या चाकाजवळ स्टूल टाकून बसले होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे, कारण आसपासच्या निम्म्या ड्रायव्हरांनी स्टिअरिंग त्यांच्याच हाताखाली धरलं होतं. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे नेले. तेव्हापासून त्यांना एकच धास्ती होती, आपण खायला काळ आणि भुईला भार झालो की काय. म्हणून एक काम त्यांनी कुणाला दिलं नव्हतं. दर रविवारी हवेचा फिल्टर काढून त्यांच्या मांडीवर द्यायचा, आणि ते तो टायरवर आपटून धूळ झटकायचे. थप, थप, थप. "फिल्टर बदलायचा नसतो, झटकायचा असतो," ते म्हणायचे. "बदला म्हणणारे विकायला बसलेत." उस्तादांसमोर कोण बोलणार?

ऑइल फिल्टर निघाला तो डांबर भरल्यासारखा जड. डिझेल फिल्टरमधून पाणी आणि काळा गाळ पडला. बायकोचा चेहरा खुलला.

"एवढी घाण पोटात घेऊन कोण चढ चढेल हो?" ती हळूच म्हणाली. "इंजिन चांगलंच असणार."

"असेल," बारक्या म्हणाला. त्यालाही बरं वाटलं.

ते दोन्ही नवे बसवून मग त्याने हवेचा फिल्टर काढला. फिटरने एकदा शिकवलं होतं तसं बायकोने वायरीचा बल्ब त्याच्या पोटात सोडला. कागदाच्या घड्यांमधून मंद पिवळा उजेड दिसत होता. एका जागी मात्र पांढरी लख्ख रेघ होती, बोटभर लांब. तिथेच खालची कड चेपली होती.

बारक्याने इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात बोट फिरवलं. बोटाला पिठासारखी धूळ लागली. जिथे कणभर जायला नको तिथे ती थर धरून बसली होती. त्याने इंजिन सुरू करून ऑइलचं झाकण उघडलं, तर तिथून भसाभसा धूर आला. त्याने चावी फिरवून गाडी बंद केली. वर्षभर इंजिनाने माती खाल्ली होती. आता कसलेही फिल्टर लावा, ते आतून झिजलं ते झिजलं.

आणि हा फिल्टर काही गाडीबरोबर आलेला नव्हता. गाडी घरी आली त्याच आठवड्यात त्याने नवा आणून बसवला होता, खोकं बायकोनेच फोडलं होतं. तिने त्या चेपलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, मग टायरकडे पाहिलं.

"काय रे, गप्प का?" उस्तादांनी विचारलं.

"फिल्टर फाटलाय, बाबा."

"फाटका असणारच! तुझ्या मेहुण्याने फाटकाच गळ्यात मारला. मी तेव्हाच म्हणत नव्हतो?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. बारक्याने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याचकडे बघत होती. सांगावं तर म्हाताऱ्याच्या हातातलं शेवटचं काम जातं, न सांगावं तर हिच्या नजरेतून आपण जातो.

"हो," तो म्हणाला. म्हणताक्षणी त्याला स्वतःची किळस आली.

बायकोने बल्ब विझवला. नव्या हवेच्या फिल्टरचं खोकं फोडलं आणि तो कोराकरकरीत फिल्टर सासऱ्यांच्या मांडीवर ठेवला.

"घ्या बाबा. हा तुमचा."

उस्ताद खूश झाले. घड्यांवरून बोटं फिरवत म्हणाले, "नव्यातही कचरा असतो, बरं का. एकदा झटकून लावलेला बरा." आणि त्यांनी तो उचलून टायरवर आपटला. थप.

बायको नवऱ्याकडे बघत राहिली. थप. कड टायरवर आपटत होती, आणि आपटणारा हात अजून चांगला जोरकस होता. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा बारक्याने मनगट धरलं.

उस्ताद थबकले. "का रे?"

बारक्याने मनगट सोडलं नाही, नवा फिल्टर हळूच काढून घेतला.

"जुना दे," ते म्हणाले.

त्यांनी जुना फिल्टर मांडीवर घेतला. बोटं कडेवरून फिरत चेपलेल्या जागी आली, तिथून वर सरकली आणि चिरेत शिरली. त्यांनी मनातल्या मनात एकदा हात उगारून बघितला असावा, कारण कोपर जरासं हललं.

"हा आपणच बसवला होता ना?"

"हो, बाबा."

"नवा होता?"

"हो."

"आणि इंजिन?"

"गेलं."

त्यांनी जुना फिल्टर पायाशी ठेवला. मग म्हणाले, "सूनबाई, भावाला फोन लाव. मला बोलायचंय."

तिने पदराला हात पुसून फोन लावला. दोनदा रिंग वाजली आणि त्याने फोन कापला.

"कापला, बाबा. तो माझा उचलत नाही. त्या दिवशी मी तुमच्यासमोर गप्प बसले ना."

"परत लाव."

तिने परत लावला. या वेळी फोन बंद लागला. ते तिने सांगितलं नाही. फोन तसाच कानाला धरून ती उभी राहिली, आणि उस्ताद मान वर करून वाट बघत राहिले.