अंगठ्याएवढा फुगवटा

मित्रांनो, मी एक जुनी रेघ आहे. हसू नका. खुर्ची, छत्री, फाटके पुस्तक यांनी आपली कहाणी सांगितली की तुम्ही गालाला हात लावून ऐकता. रेघेने तोंड उघडले की मात्र तुमचा हात खोडरबराकडे जातो. मी साधीसुधी रेघ नाही, हद्दीची रेघ आहे. माझ्या या अंगाला शहर, त्या अंगाला गाव. जमिनीवर मी कुठेच दिसत नाही, तरी कचऱ्याची गाडी माझ्यापाशी आली की ब्रेक मारते.

माझा जन्म नगरपालिकेच्या नकाशाघरात, एका लांब टेबलावर झाला. माझे जन्मदाते तिथले आरेखक. माणूस हाताचा स्वच्छ, पण स्वभावाने घाईचा. त्यांनी लाकडी पट्टी ठेवली, डाव्या हाताने दाबून धरली, टाक शाईत बुडवला आणि मला ओढले. मी नाकासमोर चालले होते. इतक्यात वाटेत त्यांचाच अंगठा आला. तो पट्टीच्या कडेबाहेर डोकावत होता. टाक अंगठ्याला वळसा घालून पुन्हा पट्टीला लागला. वरच्यांना आडवे जायचे नसते, ही कचेरीतली रीत मी जन्मतःच शिकले.

कागदावरचा अंगठा तो केवढा! पण त्या नकाशात तेवढा फुगवटा म्हणजे जमिनीवरचे दीडशे पावलांचे रान होते. ते शहराच्या पोटातून कापून मी गावाच्या पदरात टाकले.

साहेब सही करायला आले. त्यांनी चष्मा वर केला.

“हे काय फुगलंय?”

शाई वाळली होती आणि जेवणाची सुट्टी झाली होती. आरेखक म्हणाले, “ओढा असेल, साहेब.”

“असेल, असेल,” म्हणत साहेबांनी सही ठोकली.

पुढच्या नकाशात तिथे निळ्या शाईचा ओढा आला. त्याच्या पुढच्या नकाशात ओढ्यावर पूल आला. मग पूर विभागाने ओढ्याला क्रमांक दिला. त्या ओढ्यात कधी थेंबभर पाणी नव्हते, पण कागदोपत्री तो बारमाही होता.

माझे दिवस तेव्हा बरे होते. नवशिके आले की त्यांना माझ्यापुढे उभे करत. “रेघ असावी तर अशी. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी जाड.” मी फुगत असे. तशी मी आधीच फुगलेली होते म्हणा. पुढे संगणक आले आणि मला खालच्या खणात कोंबले. कुणीतरी माझ्यावर चहाचा कप ठेवला. त्या गोल डागाला तलाव समजले नाहीत, एवढीच मेहेरबानी.

दरम्यान त्या रानात एक गल्ली वसली. नऊ घरे, सदतीस माणसे. गावाचा नकाशा दुसऱ्याच हाताने काढलेला होता आणि त्या हाताचा अंगठा पट्टीच्या आत होता. तिथे मी सरळ होते. त्यामुळे शहर म्हणे, गल्ली गावात. गाव म्हणे, गल्ली शहरात. दोघांच्याही नकाशांवर सही होती, शिक्का होता. जनगणना आली की शहराच्या बाई गल्लीच्या तोंडाशी येऊन परत फिरत, आणि गावाचे मास्तर मागच्या भिंतीपाशी येऊन परत फिरत. एकदा दोघांनी लांबून एकमेकांना हातही केला. मधली सदतीस माणसे कुणीच मोजली नाहीत.

गल्लीला ओळखणारे सरकारी खाते एकच होते, पूर विभाग. दरवर्षी शिपाई सूचना घेऊन येई: ‘ओढ्यास पूर येण्याची शक्यता आहे. घरातील वृद्ध व आजारी व्यक्तींना सुरक्षित स्थळी हलवावे.’

तिसऱ्या घरात पत्रेवाले काका राहत. पत्र्याचे डबे, बादल्या आणि नरसाळी बनवत. सूचना आली की ते खुर्चीवरून उठून शेजारच्या स्टुलावर बसत आणि शिपायाला सांगत, “हलवलं म्हणून लिही, बाबा.”

काकू शिवणयंत्रावरून ओरडत, “अहो, त्याचा वेळ कशाला खाता!”

“अगं, पुरातून वाचलोय मी. दोन शब्द बोलू दे की.”

काकांचे हृदय कमजोर होते. चार पायऱ्या चढले की ओठ निळे पडत. एकदा झटका आला, तेव्हा रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी थांबली. पुढे आपली हद्द नाही, असे चालक म्हणाला. काकूंनी नवऱ्याला हातगाडीवर घालून माझ्या अलीकडे आणले, तेव्हा कुठे दार उघडले. काका वाचले. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी एवढा उशीर चालणार नाही. त्या दिवसापासून काकूंनी एकच ध्यास घेतला. पुढचा झटका यायच्या आत ही रेघ हलली पाहिजे.

त्या नगरपालिकेत गेल्या. जनगणनेच्या आधी वरून एक पत्रक येते. ‘तुमची हद्द नकाशात बरोबर आहे का? बदल असल्यास कळवा.’ ते भरणारे लेखनिक खिडकीत बसले होते. त्यांच्यापुढे ‘बदल नाही’ असा रबरी शिक्का होता, झिजून गुळगुळीत झालेला.

“बाई, पत्रक गेल्याच आठवड्यात गेलं.”

“काय लिहिलंत त्यात?”

“बदल नाही.”

“जाऊन बघितलंत?”

“अहो, बदलच नाही तर बघायला कशाला जायचं?”

काकूंनी त्या रबरी शिक्क्याकडे बोट दाखवले.

“आणि बदल आहे असं लिहायचं असेल तर?”

“तो शिक्का आमच्याकडे नाही.”

पण मित्रांनो, नकाशाघरात आता एक मुलगी कामाला आली होती. मला संगणकात तिनेच उतरवले, बिंदूला बिंदू जोडून. मन लावून काम करणारी पोर. उरलेल्या सगळ्या हद्दीला तिने चौदा बिंदू दिले आणि एकट्या अंगठ्याला तेवीस. एवढे लाड माझे कुणीच केले नव्हते. मग तिने माझ्याखाली आकाशातून काढलेला फोटो ठेवला, आणि तिचा हात थांबला.

“साहेब, ओढ्यात छपरं दिसतायत.”

“वाहून आली असतील,” नवे साहेब मान वर न करता म्हणाले.

ती मात्र मोजणीचे यंत्र आणि माझी एक प्रत घेऊन थेट गल्लीत गेली. काकांनी दारातच स्वागत केले. “या ताई. ओढ्यात पाय घालून बसा, बरं वाटेल.”

तिने नकाशा पसरला. काकांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग कोपऱ्यातला पत्रा ओढला, त्यावर पोलादी पट्टी ठेवली, अंगठा मुद्दाम बाहेर काढला आणि पत्रा आखायच्या सुईने रेघ मारली. पत्र्यावर हुबेहूब माझा फुगवटा उमटला.

“ताई, हा ओढा नाही, अंगठा आहे. शिकाऊ असताना यापायी पाठीत धपाटे खाल्लेत मी. तुमच्या माणसाला कुणी मारलेले दिसत नाहीत.”

काकू पहिल्यांदा हसल्या. मुलगी हसली नाही. तिने त्या पत्र्याचा फोटो घेतला, नऊ घरांचे कोपरे मोजले आणि लेखनिकाच्या डोक्यावर बसून नव्या पत्रकावर ‘बदल आहे’ असे पेनाने लिहून घेतले.

कागद वर गेला आणि तसाच खाली आला. गल्ली आपल्या हद्दीत नाही, असे गावाने सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावे, एवढीच अट होती. मुलगी आणि काकू गावच्या सचिवाकडे गेल्या.

“आमच्या नकाशात चूकच नाही,” सचिव म्हणाला. “मग दुसऱ्याच्या चुकीवर मी का सही करू? उद्या मला कुणी विचारलं तर?”

“कोण विचारणार आहे, दादा?” काकू म्हणाल्या.

“कुणी नाही विचारणार. पण विचारलं तर?”

आठ महिने काकू दर सोमवारी जात राहिल्या. सचिव त्यांना बसायला खुर्ची देई, पाणी देई. सही तेवढी देत नसे.

नवव्या महिन्यात, एका दुपारी, काका डब्याला झाकण बसवता बसवता खाली बसले. काकूंनी रुग्णवाहिकेला फोन लावला.

“पत्ता ओढ्यात दाखवतोय,” पलीकडचा माणूस म्हणाला.

“ओढा नाही हो तो! घर आहे माझं. माणूस पडलाय इथं!”

“पाण्यात पडलाय? थांबा, योग्य पथकाकडे जोडून देतो.”

तासाभराने गल्लीत एक ट्रक शिरला. त्याच्यावर होडी होती. जाकिटे घातलेली चार धडधाकट माणसे दोरखंड घेऊन उतरली आणि पाणी शोधू लागली. काका तोवर गेले होते. त्यांच्यातल्या एकाने जाकीट काढले आणि होडीत ठेवून दिले.

मग मृत्यूची नोंद. शहराने काकूंना गावाकडे धाडले. गावच्या सचिवाने अर्ज वाचला आणि घाईघाईने त्यावर लिहिले, ‘सदर मृत्यूचे ठिकाण आमच्या हद्दीत येत नाही.’ खाली सही केली, शिक्का मारला, आणि कागद काकूंच्या हातात दिला.

आठ महिने न मिळालेला कागद तो हाच होता. काकूंनी तो घडी न घालता, छातीशी धरून मुलीकडे नेला. तिने तो पत्रकाला जोडला. पंधरा दिवसांत माझे तेवीस बिंदू पुसले गेले आणि मी सरळ झाले. तेवीस काटे उपटायला एक माणूस लागला.

यंदाच्या जनगणनेत शहराच्या बाई गल्लीच्या तोंडाशी थांबल्या नाहीत. थेट आत आल्या.

“घरात किती जण?”

“एक,” काकू म्हणाल्या.

अहवालात त्या गल्लीपुढे लिहिले आहे: मागील लोकसंख्या शून्य, सध्याची छत्तीस, वाढ लक्षणीय. नगरपालिकेला अचूक हद्दीबद्दल प्रशस्तिपत्रक मिळाले. ते टांगायला खिळा हवा होता. तो खणात सापडला, माझ्या शेजारी.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, हातात पट्टी धराल, कुणाच्या दारातून रेघा ओढाल. अंगठा आत ठेवा. चुकून बाहेर आलाच, तर रेघ लगेच खोडा, रेघेला त्याचे दुःख होत नाही. पण जेवणाची सुट्टी झाली म्हणून ‘ओढा असेल’ असे कधी म्हणू नका. रेघ हलते, ओढा हटत नाही. पूर विभागाच्या यादीत तो अजून वाहतो आहे. परवाच शिपाई नेहमीची सूचना घेऊन आला. सवयीने त्याने रिकाम्या खुर्चीकडे पाहिले आणि मान खाली घालून कागद पुढे केला.

काकूंनी तो शेवटपर्यंत वाचला. वृद्ध व आजारी व्यक्तींना सुरक्षित स्थळी हलवावे.

“हलवलं म्हणून लिही, बाबा,” त्या म्हणाल्या.